संघात आहे, पण मैदानात नाही

पत्र : आम्ही अनेक वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. धाकटा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो आणि विद्यापीठाच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर) बेसबॉल संघात आहे. हायस्कूलची चारही वर्षे तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या नि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, शेवटच्या वर्षी कर्णधारही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मात्र त्याला सबंध हंगामात अकरा वेळा फलंदाजी मिळाली. यंदा प्रशिक्षकांनी ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दोन इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, आणले आहेत, दोघेही बावीस-तेवीस वर्षांचे. नोव्हेंबरच्या शेवटी झालेल्या भेटीत प्रशिक्षकांनी मुलाला सांगितले, की तू संघात राहशील, पण खेळायला किती मिळेल याची खात्री देता येणार नाही. तेव्हापासून तो घरी फारसा बोलत नाही. यांचे म्हणणे, की आपण प्रशिक्षकांना फोन करावा. मोठे दीर म्हणतात, कॉलेजच बदला. फीच्या साधारण चौथ्या हिश्श्याची शिष्यवृत्ती आहे, ती जाईल का, ही धास्ती वेगळीच. एप्रिलमध्ये सासरे नाशिकहून येणार आहेत, ते खास नातवाचा सामना बघायला. त्यांना काय सांगावे?
— एक आई

उत्तर :

ताई, प्रशिक्षकांचे ते वाक्य घरात सगळ्यांनी नकार म्हणून ऐकलेले दिसते. मला त्याचा पूर्वार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ (कॉलेज खेळांची नियामक संस्था) या खटल्यातील तडजोडीला ६ जून २०२५ रोजी न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या बेसबॉल संघात खेळाडूंची कमाल संख्या ३४ वर आली. त्याआधी ती ४० होती. वसंतात खेळणाऱ्या संघांना ही संख्या १ डिसेंबरपर्यंत, किंवा पहिला सामना त्याआधी असेल तर तोवर, गाठावी लागते. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या त्या भेटींत अनेक ठिकाणी मुलांना थेट घरी पाठवले जाते. तुमच्या मुलाला राहा असे सांगितले गेले. पुढचे आश्वासन प्रशिक्षकांनी दिले नाही, कारण ते देण्यासारखे त्यांच्या हाती नव्हते, आणि खोटी आशा लावण्यापेक्षा हे बरे.

आता त्या ३४ चा हिशेब करून पाहा. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका आणि आठवड्याच्या मध्ये एखादा सामना, अशा वेळापत्रकात चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे खांदे लवकर थकतात. म्हणून साधारण अर्धा संघ पिचरांचाच असतो. त्यांना नि दोन-तीन कॅचरांना वगळले, की चौदा-पंधरा जण उरतात आणि त्यांच्यासाठी जागा आठ : इनफिल्डच्या चार, आऊटफिल्डच्या तीन आणि केवळ फलंदाजी करणाऱ्याची एक. दर शुक्रवारी सहा-सात चांगले खेळाडू डगआऊटमध्ये, म्हणजे राखीव बाकावर, बसणार, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यातही शॉर्टस्टॉपची गोष्ट वेगळी. शाळेच्या संघातला सर्वांत चपळ मुलगा बहुधा त्याच जागी उभा केला जातो, त्यामुळे कॉलेजच्या इनफिल्डमधले जवळपास सगळेच शाळेत शॉर्टस्टॉप होते. तुमच्या मुलाची स्पर्धा इतर संघांशी होण्याआधी आपल्याच संघातल्या चार-पाच कर्णधारांशी आहे.

बेसबॉलचा आणखी एक नियम आपल्याकडच्या, क्रिकेटवर वाढलेल्या पालकांच्या पटकन ध्यानात येत नाही. या खेळात बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा आत येऊ शकत नाही. ‘दोन इनिंग तरी खेळवायचे होते’ असे आपण सहज म्हणतो, पण प्रशिक्षकाला त्या दोन इनिंगसाठी आपला पहिला माणूस उरलेल्या सामन्यापुरता गमवावा लागतो. म्हणून राखीव मुलाच्या वाट्याला एखादी पिंच रनरची (दुसऱ्याच्या जागी धावणाऱ्याची) धाव येते, नाहीतर दहा-बारा धावांचे अंतर पडल्यावरची फलंदाजी येते. अकरा वेळा फलंदाजी हा आकडा तुम्हाला लाजिरवाणा वाटला असावा. पहिल्या वर्षाच्या इनफिल्डरसाठी तो अजिबात तसा नाही. कित्येकांचे पहिले वर्ष एकाही सामन्याविना जाते.

ही गर्दी आली कोठून, हेही एकदा समजून घ्यावे, कारण मग तिचा दोष मुलाच्या माथी मारावासा वाटत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे हंगाम अर्ध्यातच थांबला आणि त्या खेळाडूंना खेळण्याचे एक जादा वर्ष मिळाले. त्याच वर्षी मेजर लीग या अव्वल व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, ४० फेऱ्यांवरून ५ फेऱ्यांवर आला, आणि २०२१ पासून तो २० फेऱ्यांवर स्थिरावला. त्याच सुमारास मेजर लीगशी संलग्न मायनर लीग (खालच्या व्यावसायिक) संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली गेली. एरवी व्यावसायिक करार घेऊन निघून गेली असती अशी शेकडो मुले कॉलेजातच राहिली. त्यात २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासात पात्र असेल तर, कितीही वेळा बदलण्याची. डिसेंबर २०२४ मध्ये दिएगो पाविया या अमेरिकन फुटबॉलपटूच्या खटल्यात न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर, ज्युनिअर कॉलेजात (इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात) घालवलेली वर्षे मोजायची की नाही, हाही प्रश्न उभा राहिला आणि तिथून आलेल्या काही खेळाडूंना आणखी एक वर्ष मिळाले. इतके सगळे झाल्यावर, ज्याला याच हंगामात जिंकायचे आहे आणि न जिंकल्यास ज्याची नोकरी जाऊ शकते, तो प्रशिक्षक एकोणीस वर्षांच्या मुलाला तीन वर्षे घडवत बसण्याऐवजी तेवीस वर्षांचा तयार इनफिल्डर आणतो. मला हे आवडत नाही. कॉलेजच्या खेळाचा अर्थच त्यामुळे पातळ झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तुमच्या मुलाला याच व्यवस्थेत खेळायचे आहे.

तेव्हा वाजवी अपेक्षा कोणती? जागा एका वर्षाची आहे आणि दर वर्षी ती नव्याने मिळवावी लागते, इतकीच धरावी. डिव्हिजन वनच्या सुमारे तीनशे संघांपैकी एका संघात तो आहे, यात त्याच्या कसाचा पुरावा आलाच. पहिल्या नवात (सामना सुरू करणाऱ्या नऊ जणांत) तो येईल का, हे त्याच्या बॅटवर, कोणाच्या तरी दुखापतीवर आणि जूनमध्ये पोर्टलमधून कोण येते यावर अवलंबून राहील, आणि यातली एकच गोष्ट त्याच्या हातात आहे. समाजाच्या व्हॉट्सॲप गटात अर्जुन निम्मलाची बातमी तुमच्याकडेही फिरली असेल. फ्लोरिडातल्या या तेलुगू घरातल्या मुलाला २०२३ मध्ये टोरंटो ब्लू जेजने पहिल्या फेरीत, विसाव्या क्रमांकावर निवडले, तेही थेट शाळेतून. अभिमान जरूर वाटावा, परंतु आपल्या मुलाची उंची त्या फूटपट्टीने मोजू नये.

पत्रात तुम्ही लिहिले नाही, तरी ओळींमधून एक हिशेब डोकावतो. दहाव्या वर्षापासूनचे ट्रॅव्हल बॉल (गावोगावच्या स्पर्धा), शनिवार-रविवारची मोटेलं, शोकेसची (प्रशिक्षकांना खेळ दाखवण्याच्या शिबिरांची) फी, दर दोन वर्षांनी नवी बॅट, त्यापायी बुडालेल्या कितीतरी दिवाळ्या. आणि त्याचे फळ काय, तर डगआऊटमध्ये बसून समोरच्या पिचरचे चेंडू वहीत टिपणे आणि दोन इनिंगच्या मधे आऊटफिल्डरसोबत चेंडू फेकून त्याचा खांदा गरम ठेवणे. हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र तो मुलासमोर बोलून दाखवू नका, त्याच्या वडिलांनाही बोलू देऊ नका. खर्च तुमच्या निर्णयाने झाला, त्यातून मुलाला त्या वयातला आनंद मिळाला आणि कॉलेजच्या प्रवेशालाही त्याचा हातभार लागला. त्याची परतफेड त्याने इनिंगच्या रूपाने करावी, अशी अपेक्षा न बोलताही त्याच्यापर्यंत पोचत असणार. त्याच्या गप्प बसण्यामागे हेही एक कारण असू शकते.

प्रशिक्षकांना फोन करण्याबाबत माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. खेळायला किती मिळावे या विषयावर पालकाशी बोलायचे नाही, हा बहुतेक प्रशिक्षकांचा नियम असतो आणि अनेकजण तो पहिल्याच पालकसभेत सांगून टाकतात. फोन केल्याने इनिंग वाढत नाहीत. मुलाला स्वतः बोलता येत नाही, एवढीच नोंद मागे राहते. दुखापत, आजारपण किंवा मुलाच्या मनःस्थितीची गंभीर काळजी असेल तर पालकांनी जरूर बोलावे, आणि शिष्यवृत्तीबद्दल बोलायचे तर ते प्रशिक्षकांशी न बोलता आर्थिक साहाय्य कार्यालयाशी बोलावे. बाकीचे बोलणे मुलाचे. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. सुटीनंतर परतल्यावर त्याने स्वतः वेळ मागून घ्यावी आणि विचारावे, की माझ्या खेळातली कोणती गोष्ट सुधारली तर मी पहिल्या नवाच्या जवळ येईन, सेकंड बेस किंवा आऊटफिल्डमध्ये तुम्ही माझा विचार कराल का, आणि पुढच्या वर्षीच्या संघात मी तुम्हाला दिसतो का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले, तर त्या टाळण्यालाच उत्तर समजावे आणि जूनची तयारी शांतपणे सुरू करावी.

जूनची म्हणजे पोर्टलची. मोठ्या दिरांना सांगा, की कॉलेज बदलणे हा मार्ग आहे, पण आज ते करण्यात अर्थ नाही. डिव्हिजन वनच्या बेसबॉलमध्ये वर्षाच्या मध्यात विद्यापीठ बदलणाऱ्याला त्याच वसंतात नव्या संघाकडून खेळता येत नाही, आणि पोर्टलची खिडकी, म्हणजे त्यात नाव घालण्याची मुदत, साधारण जूनमध्ये उघडते. मुंबईत क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये एका क्लबाने बसवले तर पुढच्या मोसमात पोरगा दुसऱ्या क्लबाकडे जातो, त्याचे कॉलेज त्यामुळे बदलत नाही. इथे संघासोबत वर्ग, वसतिगृह, प्राध्यापक आणि फीचे सगळे गणित बदलते. शिवाय पोर्टलमध्ये नाव घालणे म्हणजे नवी जागा मिळणे नव्हे. दर उन्हाळ्यात कितीतरी मुले नाव घालतात आणि कोणाचाच फोन येत नाही. तोवर जुन्या प्रशिक्षकाने त्यांची जागा दुसऱ्याला दिलेली असते आणि नाव घातल्यावर शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याचे बंधनही विद्यापीठावर उरत नाही. नाव घालण्याआधी दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांशी बोलणे नियमाला धरून नाही. मग आपली किंमत कळणार कशी? शाळेतल्या प्रशिक्षकांना आणि उन्हाळी संघाच्या प्रशिक्षकांना विचारावे, की याला रोज खेळायला मिळेल असा स्तर कोणता. ते लोक खरे सांगतात, फक्त ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.

उत्तर बहुधा खालच्या स्तराचे येईल आणि इथे आपल्या मंडळींचा मान आड येतो. डिव्हिजन वनमधून डिव्हिजन थ्रीमध्ये गेला, हे पुण्या-नाशिकच्या फोनवर सांगायचे कसे? जरा हे पाहा : एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी ही विद्यापीठे बेसबॉलमध्ये डिव्हिजन थ्रीत आहेत. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, हे खरे. पण गुणवत्ता आणि कौटुंबिक उत्पन्नावर मिळणारे साहाय्य कधीकधी तुमच्या सध्याच्या चौथ्या हिश्श्याहून मोठे ठरते. रोज खेळायचेच असेल, तर पायरी उतरण्यात मला तरी कमीपणा दिसत नाही. उलट फक्त ‘डिव्हिजन वन’ हे दोन शब्द सांभाळण्यासाठी तीन वर्षे बाकावर बसणे, हा मुलाने स्वतः आनंदाने घेतलेला निर्णय नसेल, तर पोरासाठी महागात पडतो. तो आनंदाने घेणारीही मुले असतात, हेही सांगायला हवे. त्यांना त्या संघाचा सहवास, प्रवास, सकाळी सहाचा व्यायाम हे सगळे हवे असते आणि खेळायला कमी मिळाले तरी ती चारही वर्षे राहतात. तुमचा मुलगा यांपैकी कोणत्या प्रकारातला, हे तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही.

मात्र बदल करण्याआधी एक गोष्ट तपासल्याशिवाय पाऊल उचलू नका, आणि ती म्हणजे इंजिनिअरिंगचे क्रेडिट. डिव्हिजन वनमध्ये खेळण्यास पात्र राहायचे, तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण व्हावा लागतो. नव्या विद्यापीठाने थर्मोडायनॅमिक्स किंवा स्टॅटिक्सचे क्रेडिट त्यांच्या अभ्यासक्रमात धरले नाही, तर मुलगा एका फटक्यात मागे पडतो. मग त्याला खेळण्यासाठी सोप्या शाखेत जाण्याचा सल्ला मिळतो, आणि मोठ्या आपुलकीने मिळतो. तो घेऊ नये. सराव नि सामने मिळून आठवड्याला वीस तासांची मर्यादा कागदावर असली तरी प्रवास आणि स्वतःहून केलेला व्यायाम त्यात धरला जात नाही, आणि प्रयोगशाळेचे तास नेमके दुपारच्या सरावाच्या वेळी येतात. इंजिनिअरिंग करून डिव्हिजन वनला खेळणारा मुलगा आधीच दोन नोकऱ्या करतो आहे, हे त्याच्या वडिलांना जरूर सांगा.

शिष्यवृत्तीची धास्ती बरीच कमी करता येईल. कराराचा कागद काढा आणि मुदत वाचा. बहुतेक करार एका शैक्षणिक वर्षाचे असतात. त्या मुदतीत खेळ चांगला झाला नाही किंवा दुखापत झाली, या कारणाने रक्कम कमी करता येत नाही. पुढच्या वर्षी ती चालू राहणार की नाही, हे विद्यापीठाला १ जुलैपर्यंत लेखी कळवावे लागते, आणि कपात झाली तर दाद मागण्याची सोय असते. २०२५ पूर्वी संपूर्ण संघासाठी मिळून ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या इतकीच मर्यादा होती आणि त्या अनेक जणांत वाटल्या जात, त्यामुळे पूर्ण फी माफ झालेला बेसबॉलपटू तेव्हाही विरळाच. आता तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांना सर्व ३४ जणांना पूर्ण रक्कम देण्याची मुभा आहे, पण तेवढा पैसा मोजक्याच श्रीमंत विद्यापीठांकडे आहे. चौथ्या हिश्श्यावर पोट भरत नाही हे मान्य, तरी तो हिस्सा गेला तर काय करायचे, याचा आराखडा आत्ताच करून ठेवा. म्हणजे जुलैमध्ये निर्णय भीतीपोटी होणार नाही. (ज्या घरांत मुलगा अजून एच-४ (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) व्हिसावर आहे, त्यांनी एकविसाव्या वाढदिवसाच्या बरेच आधी वकिलाशी बोलावे, त्याचे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) होणे, आणि नाव वा छायाचित्र वापरू दिल्याबद्दल मिळणारे पैसे, या दोन्ही गोष्टींचा तिढा वेगळा आहे. तुमचा मुलगा इथेच जन्मला असेल, तर हे तुम्हाला लागू नाही.)

खासगी हिटिंग कोचवर आता आणखी पैसे घालण्यापेक्षा येत्या उन्हाळ्याचा विचार करा. फलंदाजी पिंजऱ्यात सुधारते, पण आत्मविश्वास सामन्यांत येतो, आणि कमी खेळायला मिळालेल्या मुलांसाठी उन्हाळी लीग हाच त्यावरचा उपाय आहे. केप कॉड लीग ही त्यांतली सर्वांत मानाची. तिथे जागा मिळणे कठीण. पण नॉर्थवूड्ससारख्या लीगमध्ये दोन-अडीच महिन्यांत सत्तरच्या आसपास सामने होतात, लाकडी बॅटने खेळावे लागते आणि मुले गावातल्या यजमान कुटुंबांकडे राहतात. जागा सहसा कॉलेजचे प्रशिक्षकच मिळवून देतात, म्हणून मुलाने जानेवारीतल्या भेटीत हेही विचारावे. अडचण एवढीच, की त्याच उन्हाळ्यात वर्गातली मुले इंटर्नशिप करतात. मी असते तर दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा बेसबॉलला दिला असता आणि तिसऱ्या वर्षानंतरचा, काहीही झाले तरी, इंटर्नशिपला. कारण नोकरीची बोलणी बहुधा त्याच उन्हाळ्यातून निघतात.

मुलाच्या गप्प बसण्याबद्दल दोन शब्द. सामन्यानंतर ‘आज खेळलास का?’ हा प्रश्न काही दिवस बंद ठेवा. कामावर बसून फोनवर स्कोअर उघडून पाहणाऱ्या वडिलांना त्याचे उत्तर आधीच माहीत असते आणि हे मुलालाही माहीत असते. जेवण, रूममेट, वर्ग, गाडीचे तेल, काहीही विचारा. तो झोपत नसेल, तासांना जात नसेल, किंवा सगळ्यांपासूनच तुटला असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात भेट ठरवायला त्याला मदत करा. खेळाडूंसाठी अनेक ठिकाणी वेगळा समुपदेशक असतो. जिवाची काळजी वाटावी असे काही बोलला, तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोनवरही आणि मेसेजवरही.

राहता राहिले तुमचे सासरे. त्यांना विमानात बसण्यापूर्वीच सांगा, की नातू संघात आहे आणि दर सामन्याला मैदानावर उतरेल असे नाही. सांगण्याचे काम मुलावर सोपवलेत तर अधिक बरे, आजोबांशी तो बोलेल. सामना निवडताना शुक्रवारचा घेऊ नका, कारण त्या दिवशी संघाचा सर्वांत चांगला पिचर आणि पहिले नऊ जण उतरतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक पाहा आणि घरच्या मैदानावरचा मंगळवार-बुधवारचा सामना शोधा. राखीव मुलांना संधी मिळते ती बहुधा त्याच दिवशी, आणि तिकीटही सहज मिळते.